शहागडच्या पंगतीत वाजलेलं माझं गाणं

आधीच सांगते, भूत-बीत, करणी-बिरणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे, नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत मशीनचे सेन्सर सांभाळते, आणि कुणी ‘तिकडच्या विहिरीवर बाई दिसते’ म्हटलं की त्याच्या चष्म्याचा नंबर विचारणारी बाई आहे. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, लाज वाटतेय. आणि ती लाजही एकपदरी नाही, ते पुढे येईलच.

हो, हा ग्रुप गॅरेज रॉक आणि इंडी गाण्यांचा आहे, अमानवीय अनुभवांचा नाही, हे मला माहीत आहे. अ‍ॅडमिननं ‘आपली आवडती पाच गाणी’ असा धागा काढला, सगळ्यांनी भरभरून लिहिलं, मी आपली गप्प. कारण माझं पाचवं गाणं सांगायचं तर ही सगळी हकीकत सांगावी लागते. अस्थानी वाटली तर पोस्ट खुशाल उडवा.

पहिली चार पटकन सांगते. नावं देत नाही — नावं दिली की खाली ‘ओव्हररेटेड’ म्हणून भांडणं लागतात. एक आहे ज्यात गायकाचा आवाज दुसऱ्याच ओळीत चिरकतो आणि त्यांनी तो तसाच ठेवलाय. एक आहे ज्यात ड्रमवाला शेवटी थकून मागे पडतो आणि गिटार काही त्याच्यासाठी थांबत नाही. तिसरं ईशान्येकडच्या मुलींच्या एका बँडचं, स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि त्या हसत हसत तशाच पुढे गातात. चौथं एका परदेशी पोराचं. अख्खं गाणं तो बापावर तोंडसुख घेतो. तीन कॉर्ड, आणि बापाचा पार चेंदामेंदा.

हे चौथं गाणं मी हॉस्टेलवर इतकं ऐकलंय की रूममेटनं हेडफोन आणून दिले. काय प्रामाणिक आहे हा, असं वाटायचं. त्याचा बाप काय करतो, त्यानं ते गाणं ऐकलं का, ऐकल्यावर दोघं जेवायला एकत्र बसले का... असले प्रश्न मला कधी पडले नाहीत. परक्याचा बाप, आपलं काय जातंय!

या चारही गाण्यांत एक गोष्ट सारखी आहे — फाटलेला आवाज. अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर पिळला की जो खरखरीत, दाणेदार आवाज येतो तो. पुण्यात कॉलेजात आमचा तिघांचा बँड होता (नोकऱ्या लागल्या तसा विरून गेला). त्यातले दोघं या आवाजासाठी गिटारला जोडायची महागडी पेडलं शोधत हिंडायचे. मी मात्र तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा कानकोंडी झाले होते. कारण तो माझ्या घरचा आवाज होता. माझे वडील — अण्णा — मंडप-साऊंडवाले आहेत.

भोकरदनच्या अलीकडे, जालना रोडवरून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या टोकाला घर आणि घरामागं पत्र्याचं गोडाऊन. त्यात मंडपाचे बांबू, झालरी, गाद्या, खुर्च्यांच्या चळती आणि एका भिंतीला ओळीनं टांगलेले भोंगे. अण्णांच्या भोंग्यांचे पडदे कायम थोडे फाटलेले असतात, कारण ते आवाज नेहमी शेवटपर्यंत वाढवतात. आमच्याकडं साऊंडवाला नुसता साऊंड लावत नाही. लग्नात माईकवर बोलायचं कामही त्याचंच. ‘वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे... नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन स्टेजकडं यावं... पंगत बसली आहे, कुणी उपाशी जाऊ नये...’ सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा माणूस बोलतो. आणि घरी आला की एक शब्द नाही. चहा ठेवला तर पितो, नाही ठेवला तर तसाच झोपतो. लहानपणी मला वाटायचं, अण्णांचं बोलणं माईकशिवाय चालूच होत नसावं.

नात्यातल्या लग्नात तर माझी ठरलेली शिक्षा. फोटोच्या वेळी भोंग्यातून पुकारा — ‘आमची कन्या, इंजिनिअर वैशाली, हिनं ताबडतोब स्टेजवर यावं.’ अख्खा मंडप वळून बघणार. कुणीतरी म्हणणार, अगं बाई, ही मंडपवाल्याची का! मी पुकारा व्हायच्या आतच चपला शोधून बाहेर सटकायला शिकले होते.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अण्णांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, शहागडला. आमच्यापासून शहागड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मध्ये अख्खं जालना पडतं. साऊंड अर्थातच अण्णांचा. मी सुट्टीला घरी आले होते आणि मी सांगून टाकलं की ऑफिसचा रिपोर्ट द्यायचाय, मला जमणार नाही. रिपोर्ट वगैरे काही नव्हता.

आईनं तोंड वाकडं केलं. “घरचं लगीन हाय अन् हिला काम. लोकं काय म्हणतील?”

अण्णा टेम्पोत भोंगे चढवत होते. तिथूनच म्हणाले, “राहू दे तिला. रिपोर्ट टायमावर गेला पायजे. आपलं काय, आपण वाजवायला चाललो.”

ते दोघं पहाटे गेले. माझी चुलत बहीण शीतल आणि काका-काकूही त्यांच्याच टेम्पोतून गेले. दुपारी मी गिटार घेऊन गोडाऊनमध्ये गेले. घर रिकामं, शेजारचेही निम्मे लग्नाला. इतकी मोकळी जागा आणि इतका निवांत वेळ मला किती दिवसांत मिळाला नव्हता. वीज गेलेली होती — ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गिटार इलेक्ट्रिक, पण कशालाच जोडलेली नाही. नुसती तारांची किणकिण. मोबाइल घरात राहिला होता. भंगाराच्या पेटीत अण्णांचा एक जुना माईक पडला होता, वायर तुटलेली, वीतभर शेपटी लोंबणारी. तो मी एका बांबूला सुतळीनं बांधला. कशाला? तर फील यावा म्हणून. हसा खुशाल. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लाटणं हातात धरून गायलंय.

आणि मी माझं गाणं म्हटलं. ते बरेच दिवस डोक्यात होतं, पण त्याआधी कधी मोठ्यांदा म्हटलं नव्हतं, लिहिलंही नव्हतं, कुणाला ऐकवायचा तर प्रश्नच नाही. मला आवडणाऱ्या त्या चौथ्या गाण्यासारखं प्रामाणिक गाणं आपल्याकडं, आपल्या भाषेत का नसावं, अशी खुमखुमी होती.

हॅलो हॅलो, माईक चेक,
घरात बोल की शब्द एक!
लोकांच्या लग्नात घसा बसवतो,
आमच्यात आला की मुका बसतो.

आणि दुसरं कडवं —

त्याचा आवाज आला की मी चपला शोधते,
गर्दीत उभी राहून दुसऱ्याची पोर होते.

घरी आम्ही अण्णांना अहो-जाहो करतो. गाण्यात मी त्यांना ‘तो’ म्हटलं होतं, आणि खरं सांगू, तेवढ्यानंच अंगात काहीतरी सळसळलं.

दुसऱ्या कडव्याला गल्लीतलं कुत्रं आत आलं आणि लग्नाच्या गादीवर ऐसपैस बसलं. मी गाता गाताच मान वळवली आणि ओरडले, “हाड! गादीवरून ऊठ!” ते गेलं. मग शेवटाला दुसरं कडवंच पुन्हा घेतलं, गळ्याच्या शिरा ताणून. संपल्यावर पत्रा थोडा वेळ घुमत राहिला. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं जमलं. खूश होऊन मी घरात आले, भात टाकला, आणि तेवढ्यात शीतलचा फोन आला.

“वैशू, अगं येडी का खुळी तू? असलं गाणं कुणी लग्नात लावायला देतं का?”

“कसलं गाणं?”

“आता नाटक नको करू! तुझाच आवाज. हॅलो हॅलो, माईक चेक. अख्ख्या पंगतीनं ऐकलं. सगळ्यायचे हात ताटात तसेच.”

मी हातातला डाव ओट्यावर ठेवला.

“अन् मधीच ‘हाड, गादीवरून ऊठ’ का म्हणलीस? नवरदेव बिचारा खरंच उठून उभा राह्यला!”

इथं एरवी मी हसले असते. मी गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. मी कधीतरी नकळत गुणगुणले असेन आणि कुणीतरी ते चोरून रेकॉर्ड केलं असेल, असं समजायला एक फट होती — ती त्या ‘हाड’नं बुजवली. कुत्रं आलं होतं नुकतंच, माझ्या डोळ्यांसमोर.

“शीतल, अण्णा?” मी कसंबसं विचारलं. “अण्णांनी बंद नाही केलं?”

“त्यायला आधी वाटलं पेनड्राइव्ह लागला. काढला त्यांनी. मंग माईकची पिन काढली. तरी भोंग्यातून तू चालूच! मुलाकडची माणसं ओरडायला लागली, बंद करा, बंद करा. एक जण तर बॅटरीची वायर उपटायला धावला. अण्णांनी हात आडवा घातला. ‘थांबा,’ म्हणले, ‘जरा थांबा.’ अन् मंग तिथंच उभे राह्यले, बटणावर हात ठिवून.”

“काय करत होते?”

“ऐकून राह्यले होते. दुसरं काय?” शीतलचा आवाज आता खाली आला होता. “वैशू, ते अण्णांवरच व्हतं ना गं?”

मी फोन ठेवला.

ती संध्याकाळ कशी गेली ते सांगत नाही. खोटं कसं बोलायचं याचीच तयारी केली. मित्रानं बनवलंय, एआयचा आवाज आहे, अमकं आहे, तमकं आहे. घरचे शहागडलाच मुक्काम करून सकाळी निघणार होते. ते यायच्या आत जालन्याची बस धरायची, असं ठरवून मी सकाळी बॅग घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिले. बस आली नाही, आमचा टेम्पो आला.

काका मंडळी परस्पर बसनं गेली होती. आई खिडकीशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. अण्णांनी टेम्पो थांबवला.

“निघाली का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” मी म्हटलं. बॅग मागं भोंग्यांमध्ये टाकली आणि आईशेजारी बसले. त्या एवढ्याशा रस्त्यात आई एकच वाक्य बोलली. “मला त्या पंगतीत घास गिळवला न्हाई.” आणि पदर तोंडाला लावून बसली.

भोंगे उतरवायला मी लागले. एरवी कधी लागत नाही. अण्णा देतील ते उचलत होते, भिंतीला टांगत होते. अण्णा नेहमीसारखे गप्प. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

“अण्णा, ते... मी पाठवलं नव्हतं. रेकॉर्डसुद्धा केलं नव्हतं. इथंच म्हटलं नुसतं.”

“मी कुठं म्हणलं पाठवलं?” ते म्हणाले. “सगळं उलटंपालटं करून बघितलं मी. कुठून येऊन राह्यलं, काईच कळलं न्हाई.”

मग त्यांची नजर त्या बांबूकडं गेली. माईक अजून तसाच बांधलेला होता. त्यांनी सुतळी सोडली, माईक हातात घेतला, तुटकी वायर बोटाला गुंडाळून बघितली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

“दुसऱ्या कडव्याला तोंड फिरवलंस तू,” ते म्हणाले.

मी हातातला भोंगा खाली ठेवला.

“तेवढे शब्द खाल्ले गेले. भोंगा असाच असतो, बास जास्त झाला की शब्द गिळतो. लोकायला समजून न्हवतं राह्यलं काय म्हणती ते. मंग पुन्हा आलं तवा मी बास कमी केला, ट्रेबल चढवला. मंग बराबर ऐकू गेलं.”

“चपलांचं कडवं?”

“हां. ते चोख ऐकू गेलं सगळ्यायला.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तरी मला चाललं असतं. ज्या ओळीत मी त्यांना बाप म्हणायचं नाकारलं, ती ओळ लोकांना नीट समजावी म्हणून या माणसानं भर मंडपात, सगळे अंगावर धावून येत असताना, बटण फिरवलं होतं. माझ्या तोंडातून ‘चुकलं’ एवढा शब्दही निघाला नाही. त्याऐवजी मी काय विचारलं असेल?

“आवाज फाटला का?”

“फाटला,” अण्णा म्हणाले. “पण गोड वाटला.” आणि पुढचा भोंगा उचलायला वळले.

आता तुमच्यातले काही जण लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. अँप्लिफायर कधीकधी रेडिओ पकडतो, मान्य. शहागड हायवेवर आहे, तिथं जवळपासचा कुणाचा वायरलेस भोंग्यात घुसू शकतो, तेही मान्य. पण पकडायला आधी कुणीतरी सोडावं लागतं. वीज नसलेल्या गोडाऊनमधून, तुटक्या माईकमधून काय सुटणार? मी तो अँप्लिफायर अण्णांच्या परवानगीनं पूर्ण उघडला, एकेक जोड तपासला. धूळ आणि एक मेलेलं झुरळ, बाकी काही नाही. शीतल म्हणते, गिटार चांगलीच करकरत होती, ‘तुझ्या त्या इंग्रजी गाण्यांसारखी.’ माझ्या गोडाऊनमध्ये ती नुसती किणकिणत होती. म्हणजे जो फाटलेला आवाज आमचा बँड पुण्यात शोधत होता तो मला मिळाला, आणि मीच तो ऐकला नाही.

लग्नाचा व्हिडिओ मागवून बघितला. त्यात पंगतीतली माणसं माना वर करून भोंग्याकडं बघताना दिसतात. नवरदेव गादीवरून उठताना दिसतो. कोपऱ्यात अण्णा दिसतात — एक हात आडवा, एक हात बटणावर, मान थोडी कलती. पण व्हिडिओवाल्यानं, सगळे करतात तसं, वरून सनईचा ट्रॅक टाकलाय. मूळ आवाज ठेवलाच नाही म्हणाला. त्यामुळे पुरावा शून्य. आणि तुटका माईक आता भंगारात नाही. अण्णांनी तो कुठं ठेवला मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालेलं नाही.

यानंतर भोकरदनला नात्यातलं आणखी एक लग्न झालं. मी गेले. मुद्दाम लवकर गेले, आणि अण्णांना दिसेन अशी स्टेजजवळ उभी राहिले. चपला कुठं काढल्या तेही बघितलं नाही. फोटोची वेळ झाली. अण्णांनी एकेकाला पुकारलं. काका, काकू, शीतल, कुठले कुठले पाहुणे. प्रत्येक नावाला मला वाटायचं, आता माझं. मग माईकवर खरखर झाली आणि बंद झाली. अण्णांनी माईक तळव्यानं झाकला होता. ते टेबलामागून उठले, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “फोटोला ये. माईकवर न्हाई घेतलं नाव.”

मी गेले. फोटोत मी खाली बघतेय.

तर हे माझं पाचवं गाणं. याची लिंक नाही. ज्यांनी ऐकलं ते त्या दिवशी शहागडच्या पंगतीत जेवत होते, आणि त्यांतले बरेच जण माझ्या आईशी अजून जपून बोलतात. ते गाणं तिथं कसं पोहोचलं, याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही. ते चौथं परदेशी गाणं मी यादीतून काढलेलं नाही, पण आता ते लागलं की त्यातल्या बापाचा हात बटणावर दिसतो आणि मी पुढचं लावते.

अण्णा आता कुठल्याच लग्नात माझं नाव पुकारत नाहीत. एकदा पुकारा, असं त्यांना म्हणायचंय. प्रत्येक सुट्टीला घरी जाते तेव्हा ठरवून जाते. ते समोर बसून चहा पितात, मी समोर बसून चहा पिते, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाही.